नकाणे तलावावरची ती घार कोणती? (भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची धुळे तालुक्यातली, सध्या पुण्यात असते. दिवाळीला आम्ही सगळे माहेरी जमतो. यंदा फुई, म्हणजे आत्या, नंदुरबारहून आली, दोन्ही काका सुरतेहून आले. माझी, भावाची आणि काकांकडची मिळून सात पोरं. घरात एकूण सतरा माणसं होती. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परतीचे वेध लागतात, पोरं मोबाइलमध्ये शिरतात आणि फराळाचे डबे बांधायला सुरुवात होते. तो दिवस मला लहानपणापासून आवडत नाही. म्हणून आदल्या रात्री मीच विषय काढला की पहाटे उठून नकाणे तलावावर जाऊ. धुळेकरांना वेगळं सांगायला नको. शहराला पाणी देणाऱ्या तलावांपैकी हा एक, दुसरा डेडरगावचा.

आबा, म्हणजे माझे आजोबा, येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांचं वय ८१ आहे. पहाटे पाचला ते टोपी घालून, काठी घेऊन ओट्यावर तयार बसले होते.

पहिला अर्धा तास वाया गेला. पोरं तलावाच्या पाळेवरून पळत सुटली आणि काठाजवळची सगळी बदकं उठून पार मध्यावर जाऊन बसली. मग आबांनी एका दगडावर बैठक मारली आणि पोरांना म्हणाले, "एक जागा धरीसन बठा. पाखरू सोताच ई." म्हणजे एक जागा धरून बसा, पाखरू स्वतःच येईल. आम्ही सगळे त्यांच्या आजूबाजूला बसलो. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. सात पोरं दहा मिनिटं गप्प, हे आमच्या घरात याआधी कधी घडलं नसेल.

आणि खरंच पाखरं आली. आधी टिबुकल्या. बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायचं. त्या कुठे निघतील यावर पोरांच्या बोटांच्या खुणा सुरू झाल्या. मग चिखलात शेपटी हलवत धोबी, पलीकडच्या उथळ पाण्यात लाल पायांचे शेकाटे, एक राखी बगळा, वाळलेल्या फांद्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी बरीच जवळ आली. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होते. नाव सांगितलं तर फुईने दुर्बीण परत द्यायलाच नकार दिला. "आख्खी जिंदगी तलावना काठवर गई, पन हाई कधी देखं नही," असं म्हणत ती किती वेळ बघत होती.

आता माझा प्रश्न. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे. तिच्या शेंड्यावर घारीएवढा पक्षी बसला होता. तो उडाला, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला आणि मग पाय पुढे करून धाडकन खाली आला. पाण्यात गेलाच. वर आला तेव्हा पायात मासा होता. भाच्याने मोबाइलवर फोटो काढला, पण उजेड समोरून होता, त्यामुळे नुसता काळा आकार दिसतो आहे. फोटो खाली जोडला आहे. मला ती ब्राह्मणी घारीचं पिल्लू वाटली. जाणकारांनी सांगावं.

भुसावळकर_तापी

छान लिहिलंत. दहा मिनिटं गप्प बसणं ही निम्मी शिकवणी झाली.

फोटोवरून सांगणं कठीण आहे. मोठी ब्राह्मणी घार असती तर पांढरं डोकं, पांढरी छाती आणि विटकरी पाठ लगेच कळली असती. पिल्लू तपकिरी असतं, त्यात गोंधळ होतो. पण एक शंका आहे. ब्राह्मणी घार मासा वरच्या वर उचलते, पाण्याच्या पृष्ठभागावरून पायाने झेपून. ती आत बुडत नाही. तुम्ही 'पाण्यात गेलाच' असं लिहिलंय. किती आत गेला? नुसते पाय भिजले की अंग पण?

अनेरकाठी

माझं मत दलदली भोवत्या, मादी. आमच्याकडे अनेर धरणावर दिवाळीपासून हमखास असतात. मादी गडद तपकिरी, डोकं पिवळट पांढरं. लांबून पाहिलं तर घारच वाटते.

भुसावळकर_तापी

अनेरकाठी, भोवत्या असा एका जागी थांबून सूर मारत नाही. तो लव्हाळ्यावरून अगदी खालून, पंख जरा वर धरून तरंगत जातो आणि गवतातलं भक्ष्य उचलतो. बाभळीच्या शेंड्यावर बसून पाण्यात उडी मारणं त्याच्या स्वभावात बसत नाही.

अनेरकाठी

हे बरोबर आहे. उडी मी लक्षात घेतली नव्हती.

दोन_लेकरांची_आई

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेते, माफ करा. आमचे सासरे पण असेच गावाकडे आहेत आणि पुढच्या महिन्यात आम्ही चोपड्याला जाणार आहोत. मुलांसाठी दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानात ८×४० आणि १०×५० असे आकडे दाखवतात. मोठा आकडा चांगला ना?

पांझराकाठ

आमच्याकडे ८×४० आहे. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं तो, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पट दिसतं, पण हात हलला की चित्रही तितकंच हलतं आणि नजरेत मावणारा भाग लहान होतो. पोरांना पक्षी सापडतच नाही, मग कंटाळतात. आठच घ्या. आणि १०×५० वजनाला जड पडते, लहान मान दुखून येते. आधी डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणायची, एवढं एक शिकवलं की पुरतं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला ते अर्ध्या तासात जमलं.

आणि सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या अंगाला उभं राहिलं की रंग दिसतात. आम्ही ते पाळलं नाही म्हणूनच तो फोटो काळा आलाय.

केळीबाग_रावेर

ताई, धागा वाचून बरं वाटलं. मी शेतकरी आहे, हतनूरच्या बॅकवॉटरजवळ. आमच्याकडे तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला, त्याच्या खाली धरण. ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडे ठेवतात आणि पावसाळा सरता सरता पाणी साठवतात. त्यामुळे दिवाळीला तुम्ही आलात तर समुद्रासारखं पाणी दिसेल, पण पक्षी कमी. लोक येतात, निराश होऊन जातात. खरी मजा पाणी उतरायला लागल्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत काठाचा गाळ उघडा पडतो, उथळ डबकी होतात, तेव्हा पक्षी येतो. तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक.

थंडी पडली की पट्टकदंब पण उतरतात. हिमालयापलीकडून, तिबेट, मंगोलिया, लडाखकडून येणारे हंस. त्यांच्यावर यंत्र लावून मोजलं तर सात हजार मीटरच्या वरून उडालेले सापडले आहेत. आणि असा पाहुणा रात्री येऊन आमच्या हरभऱ्यात उतरतो. हे पण लिहिलं पाहिजे, कारण शहरातली माणसं आली की फक्त कौतुक करतात. शेंडे खाल्लेला हरभरा पाहून जीव तुटतो. तरी मी फटाके लावून हाकलत नाही. माझे वडील हाकलत नसत, मी पण नाही. रात्री कंदील घेऊन बांधावर चक्कर मारतो, तेवढ्याने उठतात आणि पाण्यावर जातात.

भुसावळकर_तापी

भाऊ, तुमच्या पोस्टला हात जोडतो. गाळपेर करणाऱ्यांशी बोलल्याशिवाय हतनूरचे पक्षी समजत नाहीत हे मी अनुभवाने शिकलोय. पाणी उतरतं तसं त्याच गाळात गहू, हरभरा, टरबूज लागतं आणि त्याच गाळावर पाणपक्षी चरतात. दोघांनाही तीच ओल हवी असते.

'वारकरी' पक्षी आमच्या भागात शोभून दिसतो, हे जाता जाता. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि शेकड्यांनी एकत्र चालणार. मुक्ताईच्या दाराशी, एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या बाजूला, हे काळे वारकरी पाण्यावर दाटी करतात, तेव्हा पहिल्यांदा कुणी हे नाव ठेवलं त्याचं कौतुक वाटतं. महाशिवरात्रीला चांगदेवची यात्रा असते, तेव्हा संगमावर माणसांची दाटी आणि जरा वर पाण्यात यांची.

पांझराकाठ

आता घारीबद्दल. काल रात्री आबांना फोन लावला. अंग बुडालं का ते विचारलं. आबा म्हणाले, छातीपर्यंत गेला, वर येताना जड झाला होता, आणि हवेत गेल्यावर कुत्र्यासारखं अंग झाडलं. अंग झाडल्याचं मला पण आठवलं, पण मी ते लिहायचं विसरले होते.

मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते. "घारना पायमा मासा आडवा लोंबस. हाऊ मासाले उभा धरस, तोंड फुढे. नावसारखा." म्हणजे घारीच्या पायात मासा आडवा लटकतो, आणि हा पक्षी मासा लांबीत धरतो, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला, होडीसारखं. मी विचारलं, आबा, हे तुम्ही त्या दिवशी पाहिलंत? म्हणाले, त्या दिवशी पण पाहिलं आणि आधी पण. तरुणपणी ते गळ टाकायला तलावावर जायचे, हिवाळ्यात हा पक्षी यायचा. आबांकडे त्याचं वेगळं नाव नाही. ते त्याला 'मासाखाऊ' म्हणतात, आणि घार वेगळी, हा वेगळा, हे त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

भुसावळकर_तापी

मग विषय संपला. हा कैकर, इंग्रजीत ऑस्प्रे म्हणतात तो. आबांना माझा नमस्कार सांगा.

मासा तोंड पुढे करून, अंगाच्या लांबीत धरणं ही त्याची पक्की खूण. असं धरल्याने हवेचा अडथळा कमी होतो. आणि ते त्याला जमतं कारण त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं. इतर घारी-गरुडांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असते. हा दोन पुढे, दोन मागे करू शकतो. तळव्याला बारीक काटेरी खवले असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही. तो जवळजवळ फक्त मासाच खातो. पाय पुढे करून सूर मारतो आणि पाण्याखाली मीटरभरापर्यंत पोचतो, म्हणून वर येताना जड होतो. आबांनी तेच सांगितलं.

फोटो पुन्हा पाहा. काळ्या आकारातही पंख मनगटाशी वाकलेले, इंग्रजी एम अक्षरासारखे दिसतात. मी पहिल्या नजरेत ते पाहिलं नाही. खालून पोट पांढरं आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गडद पट्टा, हे दोन उजेडात दिसले असते.

हिवाळी पाहुणा आहे. उत्तरेकडून येतो, उन्हाळ्याआधी परततो.

मेहरूणवाला

धागा उशिरा पाहिला. जळगावच्या मेहरूण तलावावर मी बरीच वर्षं सकाळी फिरायला जातो. तुमच्या आबांनी सांगितलेली गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडची जुनी माणसं अशी किती गेली असतील, की ज्यांना पक्ष्याचं छापील नाव माहीत नव्हतं, पण त्याची चाल, वेळ, खाणं सगळं माहीत होतं. आपण यादी करायला बसतो तेव्हा नाव न येणाऱ्या माणसाला काही येत नाही असं समजतो. माझ्या आईला चिखलातल्या तुतवारांची जात सांगता येत नसे, पण पोळ्याच्या आसपास ते येतात हे ती सांगायची, आणि खरंच हे पक्षी बदकांच्या आधी, पावसाळा सरण्याआधीच येऊ लागतात.

ताई, एक विनंती. आबांकडून अजून काढून घ्या. फोन चालू ठेवून बोलू द्या, रेकॉर्ड करा.

पांझराकाठ

करते आहे. काल पाऊण तास बोलले. काही इथे लिहिते, अहिराणी बोलणाऱ्यांनी भर घालावी.

आबा 'ळ' म्हणत नाहीत, 'य' म्हणतात, बगळ्याचा 'बगया' होतो, डोळ्याचा 'डोया' होतो, धुळ्याचं 'धुये' होतं. त्यांच्या तोंडी चिमणी म्हणजे चिडी. टिटवी रात्री ओरडली की तलावाच्या बाजूने कुणीतरी चालत येतंय असं ते धरून चालायचे, राखणीला असताना. घुबडाचा अपशकुन मानतात तसं त्यांनी टिटवीचं कधी मानलं नाही. तिला ते राखणदार म्हणतात. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, ढेकळांत. नांगरताना ती दिसली की आबा तेवढा तुकडा सोडून पुढे जायचे, आणि पिल्लं निघून गेली की मग तिथे पेरायचे. माझ्या वडिलांनी पण हे पाहिलंय. मला हे ३८ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी पुण्यात बसून पक्ष्यांची पुस्तकं विकत घेत होते आणि हे माणूस ओट्यावर बसलेलं होतं.

आणि एक वाईट गोष्ट राहिली, ती पण लिहायला हवी. परत निघताना भाच्याला काठच्या झुडपात काहीतरी फडफडताना दिसलं. वंचक होता, बगळ्याच्या जातीतला छोटा पक्षी, टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात पाय आणि एक पंख अडकलेला. पोरं ओढायला धावली. आबांनी थांबवलं. आपला टॉवेल त्याच्या डोक्यावरून टाकला, डोळे झाकले तसा तो शांत झाला. वंचकाची चोच भाल्यासारखी असते आणि तो डोळ्याकडे मारतो, म्हणून मान मागून धरायची हे पण त्यांनीच सांगितलं. फुईच्या पर्समध्ये शिवणाची छोटी कात्री होती. एक एक धागा कापला, ओढला नाही. पायावर काचलेलं होतं, पण हाड शाबूत. खाली ठेवल्यावर तो मिनिटभर तसाच उभा राहिला, मग पांढरे पंख उघडून पलीकडे गेला. बसलेला असताना मातीच्या रंगाचा दिसणारा पक्षी उडताना एकदम पांढरा होतो. पोरांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि सगळी ओरडली. तेव्हा मात्र आबांनी कुणाला गप्प केलं नाही.

जाळं आम्ही गुंडाळून गाडीत टाकून आणलं. त्याच काठावर आदल्या रात्रीच्या सुतळी बॉम्बचे कागद आणि बाटल्या पडल्या होत्या. पाणी पिण्याचं, काठ पाखरांचा, आणि दिवाळीच्या रात्री तिथे जाऊन बॉम्ब लावायचे, हे मला समजत नाही. मनापासून वाईट वाटतं.

मेहरूणवाला

वंचक वाचवलात, फार चांगलं केलंत. जखम मोठी असेल किंवा पक्षी उडत नसेल तर घरी नेऊ नका, पाणी पण चोचीत ओतू नका, श्वासनलिकेत जातं. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

नंदुरबारचा_पाहुणा

फुई नंदुरबारच्या आहेत वाचलं म्हणून लिहितो. खान्देशातला पक्षी म्हटलं की तलावाइतकंच सातपुड्याकडे पण पाहायला हवं. तिथला रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. एका संग्रहात १९१४ चा म्हणून नमुना होता. नंतर कळलं की तो जुना, एकोणिसाव्या शतकात खान्देशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने जमवलेला नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ती बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट हे तिघं पक्षीअभ्यासक शहाद्याजवळच्या जंगलात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. आणि दिसला कसा, तर दिवसाढवळ्या, निष्पर्ण फांदीवर बसलेला. हा पिंगळा दिवसाही हिंडतो.

मला नेहमी वाटतं, त्या ११३ वर्षांत तिथल्या पाड्यांवरच्या माणसांना तो रोज दिसत असणार. विचारलं कुणी नाही. तुमच्या आबांच्या 'मासाखाऊ'वरून हे आठवलं.

पांझराकाठ

तुमचं शेवटचं वाक्य मी फुईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांनी नंदुरबारला या, तोरणमाळला यशवंत तलावावर जाऊ. आखाजीला ऊन फार असेल, पण तोरणमाळ उंचावर आहे, पहाटे बरं असतं. झोके, सांजोऱ्या आणि दुर्बीण, असं ठरलं आहे. त्या वेळी हिवाळी पाहुणे परत गेलेले असतील, मग काय पाहायला मिळेल?

नंदुरबारचा_पाहुणा

बदकांची आशा ठेवू नका. पण उन्हाळ्यात इथले कायमचे रहिवासी घरटी करतात, ते पाहा. टिबुकलीचं तरंगतं घरटं दिसलं तर नशीब. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात. आणि जंगलाच्या कडेला पहाटे स्वर्गीय नर्तक. नराची पांढरी शेपटी रिबिनीसारखी मागे लहरत असते, मुलं विसरणार नाहीत. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका. पक्षी खाणं थांबवून मान वर करून तुमच्याकडे पाहायला लागला की समजायचं, आपण जास्त पुढे आलो. दोन पावलं मागे घ्यायची.

केळीबाग_रावेर

आणि जानेवारीत आमच्याकडे या ताई. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, आशियाभर एकाच काळात चालते, १९८७ पासून. मोजणारे लोक पहाटे आमच्या बांधावरून जातात, मी चहा देतो. पोरांना घेऊन या, शिरगणती कशी करतात ते दिसेल. एक एक मोजत नाहीत, आधी दहाचा ठोकळा नजरेत धरायचा, मग तो ठोकळा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचा. आबांना पण आणा. बांधावर खाट टाकतो. काटक्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडून.

पांझराकाठ

येतो. आबांना विचारते, पण ते येतील असंच वाटतंय.

दोन_लेकरांची_आई

८×४० घेतली. धन्यवाद. काल गच्चीवरून धोबी पाहिला. लेकाने शेपटी किती वेळा हलवतो ते मोजायचा प्रयत्न केला, साठपर्यंत जमलं.

देवपूर_सकाळ

मी धुळ्यातच राहतो, धागा पहिल्यापासून वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. रविवारी पहाटे मुद्दाम नकाण्याला गेलो. सूर्य पाठीशी ठेवला, पाळेवर एक जागा धरून बसलो. पाऊण तास काही नाही. पावणेआठला तो त्याच बाभळीवर आला. पोट पांढरं, डोळ्यावरून गडद पट्टा, दोन्ही स्वच्छ दिसले. दोनदा सूर मारला, दुसऱ्या वेळी मासा मिळाला. तोंड पुढे. फोटो जोडला आहे, मोठा करून पाहा, माशाचा डोळा पण दिसतो.

पांझराकाठ

किती सुंदर फोटो आहे! मनापासून आभार. काल रात्रीच आबांनी फोनवर विचारलं होतं, "तो गया का शे अजून?" म्हणजे तो गेला की आहे अजून? मला उत्तर देता आलं नव्हतं. फोटो भावाच्या मोबाइलवर पाठवलाय, तो आता ओट्यावर त्यांना दाखवायला गेला आहे.